परार्धाच्या पलीकडील एक संख्या

पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, याप्रमाणे पटाची चौसष्ट घरे दुपटीने भरून द्यावीत, एवढीच बक्षिसी बुद्धिबळ निर्माण करणाऱ्या विद्वानाने मागितली, आणि त्या मागणीला हसलेल्या राजाची, कारकुनांनी हिशेबाचा कागद पुढे ठेवताच, वाचा बसली, ही कथा सर्वश्रुत आहे. तेराव्या शतकात इब्न खल्लिकान या अरबी भाषेतील चरित्रकारानेही ती नमूद करून ठेवली. कथा सांगणारे बहुधा राजाच्या फजितीपाशी थांबतात. कागदावरील संख्येची विचारपूस मात्र सहसा कोणी करीत नाही.

ती संख्या अशी: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील स्थानांची नामावली अठराव्या स्थानी, परार्धापाशी, संपते, या वीस अंकी संख्येत एकशे चौऱ्याऐंशी परार्ध सामावूनही बाकी उरते. ती काढण्यासाठी चौसष्ट रकमांची बेरीज मांडावी लागत नाही. प्रत्येक घरातील दाणे मागील सर्व घरांतील एकूण दाण्यांहून एकानेच अधिक असतात. सबब, पासष्टावे घर असते तर त्यात जितके दाणे पडले असते त्यांतून एक वजा केला, की बेरीज हाती येते. दोनाचा चौसष्टावा घात, वजा एक.

दोन वर्गांचे अंतर हे त्यांच्या मुळांची बेरीज आणि वजाबाकी यांच्या गुणाकाराइतके असते, हा शाळेतला नियम येथे लावला, की संख्येचे दोन अवयव पडतात: ४,२९,४९,६७,२९५ आणि ४,२९,४९,६७,२९७. दोहोंत अंतर अवघे दोनाचे, पण प्रकृती अगदी भिन्न.

पहिल्याला तोच नियम पुनःपुन्हा लावीत गेले, की तो ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पाच मूळ संख्यांत निःशेष उलगडतो. दोनाचा पहिला, दुसरा, चौथा, आठवा आणि सोळावा घात घेऊन प्रत्येकात एक मिळवला, की या पाच संख्या होतात. १७९६ साली, वयाची एकोणीस वर्षे पुरी होण्याआधीच, गाउसने केवळ पट्टी व कंपास यांच्या साहाय्याने सतरा बाजूंची सुसम आकृती काढता येते हे दाखवले. आणि त्याच विचारसरणीने या पाचांचा गुणाकार, म्हणजे आपला पहिला अवयव, हीच अशा आकृतीच्या बाजूंची आजवर ज्ञात असलेली सर्वांत मोठी विषम संख्या ठरते.

दुसरा अवयव याच मालिकेतला सहावा. तुलूझच्या न्यायसभेत अधिकारपदावर असलेल्या आणि फावल्या वेळी गणिताचा व्यासंग करणाऱ्या फर्माने, सतराव्या शतकात, पहिल्या पाचांवर विसंबून ही मालिका सर्वस्वी मूळ संख्यांचीच असल्याचा समज करून घेतला. १७३२ साली ऑयलरने तो खोटा पाडला. या अवयवाचा मूळ भाजक चौसष्टाच्या एखाद्या पटीत एक मिळवूनच झालेला असला पाहिजे. या अटीत बसणाऱ्या मूळ संख्या क्रमाने घेतल्या, तर १९३, २५७, ४४९ आणि ५७७ निष्फळ ठरतात, आणि पाचवी, ६४१, लागू पडते. उरलेला अवयव ६७,००,४१७ हाही मूळच.

एवढे धान्य कोणत्याही राजाच्या कोठारात कधी जमले नाही. तथापि ते जमले असते, आणि त्याचे ६४१ समान ढीग घातले असते, तर एकही दाणा शिल्लक उरला नसता, हे आज आपण कोठाराचे दार न उघडताच खात्रीने सांगू शकतो.