यंत्राचें पाठांतर

“आजोबा, सगळें मोबाइलमध्यें असतांना पाठांतर कशाला?” असा प्रश्न परवां दिवेलागणीस परवचा म्हणतांना आमच्या नातवानें केला. उत्तर तत्काळ सुचलें नाहीं. पुढें संगणकाच्या बाल्याची हकीगत वाचनांत आली आणि उत्तर यंत्राच्या पोटींच सांपडलें.

फ्रेडरिक विल्यम्स (१९११–१९७७) हे इंग्रज विद्युत्-अभियंते. दुसऱ्या महायुद्धांत ते मॅल्व्हर्न येथील सरकारी संशोधनसंस्थेंत रडारचें काम करीत. त्या काळचीं गणकयंत्रें आंकडेमोड वेगानें करीत. परंतु आंकडे व आज्ञा ध्यानांत ठेवण्यास पुरेसें चपळ साधन त्यांजपाशीं नव्हतें. १९४६ च्या अखेरीस मँचेस्टर विद्यापीठांत प्राध्यापक होऊन आल्यावर विल्यम्स यांनीं टॉम किलबर्न या तरुण सहकाऱ्यासह हाच प्रश्न हातीं घेतला.

त्यांनीं रडारच्या पडद्याची कांचनळी निवडली. तिच्या पडद्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत पडला म्हणजे तेथें विद्युत्-भाराचा ठिपका उमटतो. एका प्रकारचा ठिपका म्हणजे शून्य, दुसऱ्या प्रकारचा म्हणजे एक. कांचेबाहेरील धातूच्या पत्र्याच्या योगें तो वाचितां येई. पण सेकंदाच्या अल्पांशांतच तो विरून जाई. यावर युक्ति निघाली ती अशी : ठिपका विरण्यापूर्वीं वाचावयाचा, लगेच तेथेंच पुनः लिहावयाचा, आणि ही आवृत्ति अखंड चालू ठेवावयाची. १९४७ संपेपर्यंत एका नळींत २,०४८ ठिपके तासन्‌तास टिकूं लागले.

नळीची कसोटी पाहण्यासाठीं ‘बेबी’ नांवाचें लहानसें यंत्र बांधिलें. आपल्याच स्मृतींत साठविलेल्या आज्ञांबरहुकूम त्यानें पहिलें गणित केलें तें २१ जून १९४८ रोजीं. पुढें थोड्याच दिवसांत त्यास २,६२,१४४ या संख्येचा, ती स्वतः सोडून, सर्वांत मोठा विभाजक काढावयास दिला. उत्तर १,३१,०७२. शाळेंतलें पोर संख्या निम्मी करून तें क्षणांत सांगेल. यंत्र मात्र एकेक संख्या तपाशीत खालीं उतरलें; त्यास ५२ मिनिटें लागलीं. परंतु तेवढा वेळ स्मृति ढळली नाहीं, हीच खरी परीक्षा होती.

पुढें त्या नळ्या मागें पडल्या. तथापि आजच्या मोबाइलांतील चालू कामाची स्मृतिहि सेकंदांत अनेक वेळां पुनः लिहावी लागते. नाहीं तर ती पुसते.

नातवास आम्हीं हें सांगितलें. शिवाय हेंहि सांगितलें कीं, ज्या संस्कृत धातूंचीं रूपें आम्ही जन्मभर शिकविलीं, त्यांतलीं कांहीं निवृत्तीनंतर आवृत्ति सुटल्यामुळें आतां ओठांवर येत नाहींत. बोलतांना किंचित् संकोच वाटला. तेव्हांपासून दिवेलागणीस तो पाढे म्हणतो आणि त्याच्याशेजारीं बसून आम्ही रूपें म्हणतों.