दगडी फुलाची ओळख आणि मोल



होळी झाली की आपल्या परभणी जिल्ह्यात विहिरींची कामे जोर धरतात. यारीने वर आलेल्या दगडात एखादे वेळी पाकळ्यापाकळ्यांचा चकाकता गुच्छ निघतो. कोणी त्याला हिरा समजतो, कोणी घणाने फोडून पाहतो, तर कोणी फिरत्या व्यापाऱ्याला चहापाण्याच्या पैशात देऊन टाकतो. उलट, तसाच दिसणारा 'वाळवंटी गुलाब' प्रदर्शनात चढ्या भावाने आपल्या गळ्यात मारला जातो. ओळख नसली की देतानाही नुकसान आणि घेतानाही नुकसान.

वाळवंटी गुलाब म्हणजे काय?

हा गुलाब म्हणजे जिप्समचा खडा होय. कोरड्या मुलखात जिप्सम विरघळलेले पाणी वाळूत आटते आणि चपट्या पाकळ्या एकमेकींत गुंतून वाढतात. वाळूचे कण पाकळ्यांत अडकून राहतात. अल्जीरिया, ट्युनिशिया, मोरोक्को या देशांत असे गुलाब विपुल मिळतात.

आपला खडक निराळा. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. त्यातील पोकळ्यांत पाणी झिरपून गारगोटी, कॅल्साइट, स्टिल्बाइट, ॲपोफिलाइट असे खडे तयार झाले. स्टिल्बाइट तर मधोमध आवळलेल्या पेंढीसारखा दिसतो. तेव्हा विहिरीच्या पाषाणात निघालेले फूल बहुधा यांपैकीच असते. राहुरीजवळ मोमीन आखाडा येथे २००१ च्या सुमारास विहीर खोदताना निघालेले हिरवे ॲपोफिलाइट जगभरच्या संग्राहकांत नावाजले गेले. सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात आपल्या खडकातील असे खडे पाहता येतात.

घरच्या घरी परीक्षा

परीक्षा नेहमी खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला करावी.

१. नखाने ओरखडा उठला तर जिप्सम समजावे.
२. नखाने उठत नाही, पण चाकूने सहज उठतो आणि खरवडलेल्या भुकटीवर लिंबाचा रस टाकताच फेस येतो, तर कॅल्साइट.
३. चाकूने ओरखडा उठतो, पण फेस येत नाही, तर स्टिल्बाइट किंवा ॲपोफिलाइट असण्याचा संभव आहे.
४. चाकू चालत नाही, उलट खडाच काचेवर रेघ ओढतो, तर गारगोटी.
५. गुलाब हाताला फारच जड लागला तर तो बॅराइटचा असू शकतो. बॅराइट जिप्समच्या जवळजवळ दुप्पट जड असते.

येथे एक सावधगिरी हवी. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्याने घट्ट झाले की त्याचे पुन्हा जिप्समच होते. त्यामुळे साच्यात ओतलेला नकली गुलाबही नखाने ओरखडतो. म्हणून पाकळ्या पाहाव्यात. सगळ्या एकसारख्या, कडेला साच्याची रेघ आणि अंगावर बुडबुड्यांची बारीक छिद्रे असतील, तर माल बनावट समजावा.

मोल कशावर ठरते?

वाळवंटी गुलाब दुर्मिळ नाही. लहान गुलाबाला मोठी किंमत देऊ नये. कोणताही खडा असो, अखंड पाकळ्या, आकार, रंग व चमक आणि तो नेमका कोठे निघाला याची नोंद, यांवर भाव ठरतो. एक घाव पडला की निम्मे मोल गेले. म्हणून खडा मूळ दगडासह ठेवावा, कागदात गुंडाळावा, गाव व खोली लिहून ठेवावी. एकाच व्यापाऱ्याच्या शब्दावर विकू नये. आधी महाविद्यालयातील भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवावा. जिप्समचा गुलाब धुऊ नये, तो पाण्यात थोडाथोडा झिजतो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे खनिजांवर हक्क शासनाचा आहे. विक्रीसाठी खोदकाम करायचे असेल तर आधी तहसील कार्यालयात विचारावे. आणि खड्याच्या लोभाने सुरुंगानंतर लगेच विहिरीत कोणी उतरू नये. सुटलेली दरड माणूस ओळखत नाही.

खरे जिप्सम शेतात

आपल्या घरी जिप्समचे खरे काम वेगळेच आहे. चोपण जमिनीतील सोडियम हटवून ते तेथे कॅल्शियम बसवते; मात्र माती परीक्षणाप्रमाणे मात्रा द्यावी आणि पाण्याचा निचरा करावा. भुईमुगाला आऱ्या सुटताना दिले तर शेंगा चांगल्या भरतात. फुलाच्या आकाराचे जिप्सम कपाटात शोभते, पण भुकटीचे जिप्सम घर चालवते. पैसा कोठे घालायचा हे ज्याचे त्याने ठरवावे.