गेल्या वर्षीचा पहिला, यंदा शून्यापासून!

मुलांनो, वर्तमानपत्रात खेळाच्या पानावर ‘गतविजेता’ हा शब्द तुम्ही पुष्कळदा वाचला असेल. गेल्या वर्षी जो जिंकला, तो गतविजेता. यंदाही तोच जिंकला तर म्हणतात, ‘त्यानं विजेतेपद राखलं.’

आता राखणं म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? आमच्या बपेऱ्याच्या पोरांना विचाराल तर ती सांगतील, धान पिकलं की बांधीवर बसून पाखरं हाकायची, म्हणजे राखण! धान आपल्याच शेतात उभं असतं, ते फक्त दुसऱ्याला खाऊ द्यायचं नाही. पण खेळातली राखण अशी नसते, बरं का! तिथं गेल्या वर्षीचं पीक केव्हाच संपलेलं असतं. नांगरणीपासून पुन्हा सुरुवात. ही गोष्ट नीट समजून घ्यायची तर गोल्फ या खेळाकडे बघावं.

गोल्फचं मैदान आपल्या गावात नाही. तरी अर्धा खेळ तुम्हाला येतोच! विटी-दांडूत आपण काय करतो? जमिनीवरची विटी लांब टोलवतो. आणि गोट्यांत? गोटी अलगद गलीत घालतो. हे दोन्ही एकत्र केलं की झाला गोल्फ. चेंडू 46 ग्रॅमहून जरासा हलका, आणि गल म्हणजे ‘होल’ जेमतेम 10.8 सेंटिमीटर रुंद. पण चेंडू ठेवतात तिथून ही गल कधी दीडशे मीटर लांब असते, तर कधी पाचशे! मध्ये झाडं, पाणी, वाळूचे खड्डे. अशा 18 गली खेळल्या की एक फेरी पूर्ण. मोठ्या स्पर्धेत रोज एक, अशा चार दिवसांत चार फेऱ्या असतात. पहिल्या दोन दिवसांनंतर मागे पडलेल्यांना घरी जावं लागतं. त्यात गतविजेता असला, तरी त्याला सूट नाही!

जिंकतो कोण? ज्याला सगळ्यांत कमी टोले लागतात तो. परीक्षेत जास्त मार्कवाला पहिला, इथं कमी आकड्याचा पहिला. आणि एक गंमत पाहा. अडीचशे मीटर लांब हाणलेला टोलाही एक, आणि चेंडू वीतभर ढकलला तर तोही एकच! म्हणजे नुसत्या ताकदीवर हा खेळ चालत नाही.

आपल्या देशात ‘इंडियन ओपन’ नावाची गोल्फची मोठी स्पर्धा 1964 साली सुरू झाली. पहिली स्पर्धा ऑस्ट्रेलियाच्या पीटर थॉमसननं जिंकली. जगभरचे खेळाडू या स्पर्धेला येतात.

2015 साली ती दिल्लीत झाली. चार दिवस संपले तेव्हा दोन भारतीय खेळाडूंचे टोले अगदी सारखे! एक अनिर्बान लाहिरी. हा आपल्या महाराष्ट्रात, पुण्यात जन्मलेला. दुसरा कोलकात्याचा शिवशंकर प्रसाद चौरसिया. बरोबरी सोडवण्यासाठी दोघं पुन्हा खेळले, आणि लाहिरी जिंकला.

या चौरसियाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. कोलकात्यात 1829 साली स्थापन झालेला रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब आहे. त्याचे वडील तिथं मैदानाची हिरवळ राखायचे. मुलगा मैदानाच्या आसपासच वाढला. गोल्फ हा पैसेवाल्यांचा खेळ. त्याच्या काठ्याच इतक्या महाग! याला शिकवायला कोणी गुरू नव्हता. दुसऱ्यांचं बघून बघून तो स्वतःच शिकला. उंचीनं लहान, टोलाही इतरांसारखा लांब जायचा नाही. मग त्यानं काय केलं? गलीजवळचा खेळ पक्का केला! चेंडू हळूच उचलून गलीपाशी टाकायचा आणि अलगद आत ढकलायचा. वीतभराचा टोलाही एक धरतात, हे तुमच्या लक्षात आहे ना?

2008 साली दिल्लीत ‘इंडियन मास्टर्स’ ही स्पर्धा जिंकून त्यानं सगळ्यांना चकित केलं. पण इंडियन ओपन काही हाती लागेना. 1999, 2006, 2013 आणि 2015, चार वेळा तो दुसरा आला! पहिल्यापासून शेवटपर्यंत चांगलं खेळायचं आणि दुसरा नंबर घेऊन घरी परतायचं. असं चारदा झालं तर आपण काठ्या माळ्यावर टाकून दिल्या असत्या.

2016 साली पुन्हा दिल्लीतच सामना रंगला. आता लाहिरी गतविजेता होता. तोही उत्तम खेळला, पण चौरसियाला दोन टोले कमी लागले. चार दिवसांचे मिळून 273. आता पाटीवर एक गणित करा. चांगल्या खेळाडूला एका फेरीत किती टोले लागावेत, याचा एक आकडा मैदानावर ठरलेला असतो. त्याला ‘पार’ म्हणतात. इथं तो 72 होता. चार फेऱ्यांचे किती? 288. त्यातून 273 वजा करा. ठरल्यापेक्षा तब्बल 15 टोले कमी!

झालं, चौरसिया विजेता ठरला. खरी परीक्षा पुढच्या वर्षी होती. 2017 मध्ये स्पर्धेचं मैदानच बदललं! दिल्लीचं जुनं मैदान झाडीनं वेढलेलं, अरुंद. तिथं लांब टोल्यापेक्षा नेम महत्त्वाचा. चौरसियाला ते चांगलं ठाऊक होतं. आता स्पर्धा गेली जवळच्या गुरुग्रामला, दक्षिण आफ्रिकेचे नामांकित खेळाडू गॅरी प्लेअर यांनी आखलेल्या मैदानावर. ते लांबलचक आणि फार अवघड. लांब टोलवणाऱ्यांची तिथं चलती असणार, हे उघड होतं. गेल्या वर्षीची ओळखीची झाडं नाहीत, वळणं नाहीत. विजेत्याजवळ उरलं काय? फक्त हातातली कला.

आणि त्या कलेनंच काम केलं! चार दिवसांत त्याचे टोले झाले 278. दुसरा आला मलेशियाचा गेविन ग्रीन, 285. किती फरक? सात टोल्यांचा! ज्या मैदानावर लांब मारणाऱ्यांनी पुढं जायचं, तिथं हा ठेंगणा खेळाडू सगळ्यांच्या पुढं निघून गेला. त्याच्याआधी ज्योती रंधावा या भारतीय खेळाडूनंही 2006 आणि 2007 असं लागोपाठ दोनदा हे विजेतेपद मिळवलं होतं.

मग 2018 मध्ये काय झालं? इंग्लंडचा मॅट वॉलेस जिंकला. चौरसियाचं विजेतेपद गेलं. म्हणून त्याचे आधीचे दोन विजय पुसले गेले का? मुळीच नाही. ते त्या त्या वर्षाच्या नावानं कायमचे लिहिले गेले आहेत. ते कोणी नेऊ शकत नाही, म्हणून ते राखायचीही गरज नाही. नवीन वर्षी मात्र प्रत्येकाच्या कागदावर पहिला टोला मारण्याआधी एकच आकडा असतो, शून्य. चारदा दुसरा आलेल्याचा शून्य, आणि गतविजेत्याचाही शून्य.

वर्गात गेल्या वर्षी पहिला आलेल्या मुलाला या वर्षी पोटात गोळा येतो, ‘नंबर गेला तर?’ आणि मागे राहिलेल्याला वाटतं, ‘आपलं काही खरं नाही.’ दोघांनीही हा शून्य लक्षात ठेवावा. पहिल्याची भीती त्यानं कमी होईल, मागच्याची उमेद वाढेल.

आता येत्या रविवारी एक करा. पटांगणात लांब लांब अशा पाच गली खणा. एक वाकडी काठी आणि एक रबरी चेंडू घ्या. काठी फिरवण्याआधी मागे कोणी उभं नाही ना, ते बघा. प्रत्येकानं आपले नाही, तर जोडीदाराचे टोले लिहायचे. मोठ्या स्पर्धेतही असंच करतात, आणि खेळून झाल्यावर आकडे तपासून खाली सही करायची असते. एका गलीसाठीही खऱ्यापेक्षा कमी टोले दाखवले, तर खेळाडू बाद! खेळ झाला की जिंकणाऱ्यासाठी टाळ्या वाजवा. आणि त्याच्या पुढच्या रविवारी त्याच्यासकट सगळ्यांनी नवा कोरा कागद घ्या!