मॉर्फिनची मात्रा का वाढवावी लागते?

कर्करोगाच्या रुग्णास मॉर्फिन सुरू करून काही महिने लोटले आणि डॉक्टरांनी मात्रा वाढविली, की नातेवाईक कार्यालयात येऊन हलक्या आवाजात विचारतात, ‘‘बाबांना अफूचं व्यसन तर नाही ना लागलं?’’ खर्रा आणि तंबाखूने आपल्या चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यात किती घरांत तोंडाचा कर्करोग आणला, हे येथे सांगावयास नको. नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयातून उपचार घेऊन रुग्ण गावी परततो. पुढे रोग बळावला तर वेदना सोसण्याचा काळ घरीच जातो. त्या काळात या एका शंकेपोटी गोळ्या परस्पर बंद केल्या जातात. म्हणून या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यावे असे वाटले. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. वैद्यकीय भाग डॉक्टरांकडून समजून घेऊन मांडला आहे.

मेंदू, मज्जारज्जू आणि आतडी यांतील चेतापेशींच्या आवरणावर काही विशिष्ट प्रथिने असतात. त्यांना ग्राही किंवा रिसेप्टर म्हणतात. अफूतील मॉर्फिन तेथे जाऊन बसते, तेव्हाच त्याचा गुण येतो. १९७३ साली अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील कँडेस पर्ट व सॉलोमन स्नायडर यांनी या ग्राहींचे अस्तित्व दाखवून दिले. खसखशीच्या बोंडातील द्रव्यासाठी माणसाच्या मेंदूत जागा राखून ठेवण्याचे कारण काय, हे कोडे १९७५ साली स्कॉटलंडमधील अ‍ॅबरडीन येथे जॉन ह्यूज व हान्स कॉस्टरलिट्झ यांनी उलगडले. शरीर स्वतःच एन्केफलिन नावाची वेदनाशामक द्रव्ये तयार करते. ती जागा मुळात त्यांची आहे.

मॉर्फिन प्रामुख्याने ‘म्यू’ नावाच्या ग्राहीवर बसते. हे प्रथिन पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार ओवलेले असते. बाहेर मॉर्फिन बसले, की आतल्या टोकाला ‘जी-प्रथिन’ जागे होते आणि वेदनेचा निरोप पुढे धाडण्याची पेशीची क्षमता मंदावते. मात्र संदेश सतत येत राहिला, तर काही मिनिटांतच पेशी आवरते घेऊ लागते. विशिष्ट विकरे ग्राहीच्या आतल्या टोकाला फॉस्फेटचे कण जोडतात, त्यावर ‘अ‍ॅरेस्टिन’ नावाचे प्रथिन येऊन बसते आणि जी-प्रथिनाची वाट अडते. धानाच्या बांधीत पाणी जास्त झाले की शेतकरी बांधाचे तोंड बुजवितो, तसाच हा प्रकार. पुढे काही ग्राही पेशीच्या आत ओढले जातात. त्यांतील कित्येक ताजेतवाने होऊन पुन्हा बाहेर येतात, काही तेथेच नष्ट होतात. ग्राहींच्या या मोठ्या कुळाचा उलगडा केल्याबद्दल रॉबर्ट लेफकोविट्झ व ब्रायन कोबिल्का यांना २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मॉर्फिन याबाबतीत थोडे वेगळे आहे. एन्केफलिनच्या तुलनेत ते ग्राहीला आत ओढण्यास फारसे प्रवृत्त करीत नाही. या गोष्टीचा सवयीशी नेमका किती संबंध, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. दीर्घकाळात पेशी आणखी एक तजवीज करते. मॉर्फिन ज्या विकराला दाबते, त्याची ताकद ती वाढवून ठेवते. जमाखर्चाची तोंडमिळवणीच म्हणा. गोळी अचानक बंद केल्यास हे विकर मोकाट सुटते आणि घाम, जुलाब, अस्वस्थता सुरू होते. नातेवाईक यालाच व्यसन समजतात.

वस्तुतः हा पेशीचा धर्म आहे. औषध नियमाने घेणाऱ्या कोणत्याही रुग्णात तो दिसेल. नुकसान होत असूनही औषधामागे धावणे, त्यासाठी खोटे बोलणे, हे व्यसन. शिवाय मात्रा वाढविण्याचे कारण पुष्कळदा पेशीची सवय नसून वाढलेला रोग हेच असते. त्यामुळे डॉक्टर प्रथम तेच तपासतात. मळमळ व गुंगी यांची सवय बहुधा काही दिवसांत होते. बद्धकोष्ठाची मात्र जवळजवळ होतच नाही, म्हणून पोट साफ होण्याचे औषध मॉर्फिनसोबत अखेरपर्यंत चालू ठेवावे लागते.

देणगीदारांच्या माहितीसाठी नमूद करावेसे वाटते, की मॉर्फिनच्या गोळ्या महाग नाहीत आणि भारतात अफूचे कायदेशीर पीकही निघते. तरीही गुंगीकारक औषधिद्रव्यांविषयीच्या १९८५ च्या अधिनियमानंतर परवान्यांच्या धास्तीने देशातील त्यांचा वैद्यकीय वापर झपाट्याने घटला. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांची वाट पुष्कळ सुकर केली. कायद्याची अडचण कमी झाली. घरातील भीती अद्याप आहे.

नातेवाईकांनी दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. गोळ्या मनाने बंद करू नयेत. काही दिवस बंद पडल्याच, तर पूर्वीची मोठी मात्रा एकदम देऊ नये, आधी डॉक्टरांना विचारावे. खंड पडलेल्या काळात पेशींची सवय मोडलेली असते आणि तीच मात्रा श्वास मंदावून जिवावर बेतू शकते. याच कारणाने रुग्णाच्या गोळ्या घरातील दुसऱ्या कोणासही, मग त्याचे दुखणे कितीही मोठे असो, देऊ नयेत. त्या कुलपात ठेवाव्यात आणि उरल्यास रुग्णालयात आणून द्याव्यात.