वाळूच्या माणसाला वेळच मिळाला नाही

वाळूच्या ढिगात आधी थोडे कण हलतात. मग ते एकमेकांना धरू लागतात. खांदा, दंड, चेहऱ्याचा नुसता आकार असं काहीतरी उभं राहू पाहतं आणि ढासळतं. समोर लॉकेट पडलंय, त्यात आजारी मुलीचा फोटो. वाळूचा हात तिकडे जातो आणि लॉकेटला लागताच बोटं गळून पडतात. तो पुन्हा जोर लावतो. या वेळी हात टिकतो. एकही संवाद नाही, मागे फक्त क्रिस्टोफर यंगचं संगीत. सॅम रेमीच्या ‘स्पायडर-मॅन ३’ (२००७) मधला हा प्रसंग मी एकांकिकेच्या मुलांना आवर्जून दाखवते. पात्राला काय हवंय हे शब्दांशिवाय इतकं नेमकं सांगितलेलं सुपरहिरोंच्या दुसऱ्या कुठल्या चित्रपटात मी पाहिलेलं नाही.

म्हणूनच या चित्रपटाची मला फार हळहळ वाटते. ज्याला हे जमलं, त्याच्याच हातून बाकीचा चित्रपट इतका विस्कटला कसा?

१३९ मिनिटांत काय काय आहे बघा. पीटर पार्कर मेरी जेनला लग्नाचं विचारायच्या बेतात आहे. जिवलग मित्र हॅरी बापाच्या मृत्यूला पीटरच जबाबदार असं समजून सूड घ्यायला टपलाय. तुरुंगातून पळालेला फ्लिंट मार्को वाळूचा माणूस, म्हणजे सॅण्डमॅन होतो. अंतराळातून आलेला काळा, चिकट जीव पीटरच्या अंगावर पोशाख होऊन बसतो आणि त्याच्यातला उद्दामपणा वर काढतो. तोच जीव पुढे एडी ब्रॉक या फोटोग्राफरला धरतो आणि व्हेनम तयार होतो. शिवाय ग्वेन स्टेसी, तिचे पोलीस कॅप्टन वडील, मेरी जेनच्या हातून गेलेली ब्रॉडवेवरची भूमिका. कॉमिक्समध्ये काळा पोशाख १९८४ साली आला आणि व्हेनम पूर्ण रूपात उभा राहायला १९८८ उजाडलं. तोवर वाचकांचा त्या पोशाखाशी चांगला परिचय झाला होता. चित्रपटात व्हेनम शेवटाकडे येतो, एका गल्लीत सॅण्डमॅनला गाठतो, चार वाक्यं बोलतो आणि दोघांची युती होते.

संहिता गच्च झाली की तालमीत पहिल्यांदा योगायोग डोळ्यांत भरतात. कारणं घडवायला लेखकाकडे वेळ नसतो, मग पात्रं हवी तिथे, हवी तेव्हा हजर होतात. इथे उल्का पडते ती नेमकी पीटर आणि मेरी जेन जाळ्यावर पहुडलेत तिथून हाकेच्या अंतरावर. चर्चच्या घंटेपाशी पीटर तो जीव अंगावरून ओरबाडून काढतो, तेव्हा त्याच चर्चमध्ये खाली एडी ब्रॉक ‘पीटर मरू दे’ म्हणून देवाला साकडं घालत असतो. हॅरीची स्मृती डोक्याला मार लागून जाते आणि कथेला गरज पडली की परत येते. त्याचं मन वळवायची वेळ येते तेव्हा घरचा म्हातारा नोकर बर्नार्ड सांगतो, की तुमच्या वडिलांची जखम मीच साफ केली होती, ते स्वतःच्याच ग्लायडरच्या पात्याने मेले. हे त्याला पहिल्या रात्रीपासून ठाऊक होतं! मग इतका काळ तो गप्प का राहिला, याला चित्रपटात उत्तर नाही.

सगळ्यात जास्त मला लागतं ते बेनकाकांचं. पहिल्या चित्रपटात (२००२) पीटरने जाऊ दिलेला चोरच काकांचा खुनी ठरतो आणि ती टोचणी पीटरला कायमची लागते. ‘स्पायडर-मॅन २’ (२००४) मध्ये तो हे मेकाकूंना सांगतो. काकू झालेली रोझमेरी हॅरिस त्याच्या हातातला हात काढून घेते, उठते आणि जिना चढून निघून जाते. त्या चित्रपटात पिझ्झा पोचवायला झालेला उशीर, थकलेलं भाडं, हुकलेलं मेरी जेनचं नाटक, डॉक्टर ऑक्टोपस, सगळं एकाच प्रश्नापाशी येऊन मिळतं: कर्तव्यापायी माणसाने आपलं काय काय सोडायचं? तिसऱ्या भागात मात्र सॅण्डमॅनला पीटरशी जोडायला दुसरा धागा नव्हता. म्हणून पोलीस ठाण्यात कळतं की गोळी मार्कोने झाडली होती. त्या एका खुलाशाने काकूंच्या मौनाखालची जमीनच काढून घेतली.

हे असं का झालं? रेमीचा जीव सॅण्डमॅन आणि हॅरीत होता. व्हेनम त्याला भावत नव्हता. चाहत्यांना तो हवाय म्हणून निर्माते आवी अराड यांनी आग्रह धरला. दोन ऑस्कर मिळवलेले पटकथाकार अल्विन सार्जंट यांना पसारा इतका वाढलेला वाटला, की कथेचे दोन चित्रपट करावेत असं त्यांच्या मनात आलं. पण पहिला जिथे संपवता येईल असा उत्कर्षबिंदूच सापडेना, म्हणून त्यांनी तो विचार सोडला. माझ्या दृष्टीने सगळं निदान इथेच आहे. ज्या गोष्टीला मध्ये कुठे थांबता येत नाही, ती नुसती साचत गेलेली असते. रेमीनेही पुढे एका मुलाखतीत मान्य केलं, की सगळ्या पात्रांवर त्याचा विश्वास बसलेला नव्हता.

पैसा मात्र भरपूर आला. सुमारे २६ कोटी डॉलर खर्चून काढलेल्या चित्रपटाने जगभरात सुमारे ८९ कोटी मिळवले. आपल्याकडे तर तो भोजपुरीतही लागला होता. मग धडा कोण घेणार? २०१४ च्या ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन २’ मध्ये इलेक्ट्रो, ग्रीन गॉब्लिन आणि ऱ्हायनो असे पुन्हा तिघे खलनायक कोंबले.

पात्रांच्या संख्येवर माझा आक्षेप नाही. ‘स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स’ (२०१८) मध्ये अर्धा डझन स्पायडर-मॅन आहेत, त्यात एक डुक्करसुद्धा. काका गेल्याने कोसळलेल्या माइल्स या कोवळ्या नायकाच्या खोलीत ते जमतात आणि आपण कुणाला वाचवू शकलो नाही ते एकेक जण सांगतो. कुणाचे काका, कुणाचे वडील, कुणाचा जिवलग मित्र. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एखादं वाक्य येतं, तरी कुणीही उपरा वाटत नाही, कारण प्रत्येक जण माइल्सशीच बोलत असतो.