न बोलावता येणारी बातमी

मराठी विकिपीडियावर ‘पुणे’ हा लेख सतत बदलत असतो. कोणी लोकसंख्येचा आकडा सुधारतो, कोणी पेठांच्या यादीत हात घालतो. यावर नजर ठेवायला रोज पान उघडण्याची गरज नाही. लेखाच्या इतिहासाच्या पानावर ‘अ‍ॅटम’ नावाचा दुवा असतो. तीच त्या लेखाची फीड, म्हणजे बदलांची यंत्राला वाचता येणारी यादी.

दुवा नुसता उघडला, तर कंसांची खिचडी दिसू शकते. घाबरू नये, ती माणसासाठी नाहीच! फीडमधल्या प्रत्येक नोंदीला शीर्षक, दुवा, वेळ आणि स्वतंत्र ओळखखूण असते. फीडचा पत्ता ‘फीडली’ किंवा ‘थंडरबर्ड’सारख्या फीड-वाचकात, म्हणजे फीड वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, टाकला, की तो ठरावीक वेळाने फाइल मागवतो, ओळखखुणा ताडून पाहतो आणि फक्त नवं तेवढं पुढे करतो. त्या संकेतस्थळाला ई-मेल द्यावा लागत नाही. काय आधी दाखवायचं हे कुठली समाजमाध्यम कंपनीही ठरवत नाही.

आरएसएस हा फीडचा प्रकार नेटस्केपने १९९९ मध्ये आणला. अ‍ॅटमचं प्रमाणित स्वरूप २००५ मध्ये ठरलं. १ जुलै २०१३ रोजी गूगल रीडर हा फीड-वाचक बंद झाला आणि फीड संपली, असा बोभाटा झाला. प्रत्यक्षात पुण्यातल्या पीएमटीच्या, म्हणजे आताच्या पीएमपीएमएलच्या, बसमध्ये कानात पॉडकास्ट लावून बसलेला प्रवासी बहुधा आरएसएसच वापरत असतो. नवा भाग अ‍ॅपपर्यंत पोचतो तो बहुतेकदा फीडमधूनच.

मात्र फीड-वाचक अधूनमधूनच विचारणा करतो. त्यामुळे खडकवासला धरणातून पाणी सोडल्याच्या इशाऱ्यासाठी नदीकाठच्या घरांनी फीडवर विसंबू नये.