रुग्णांचे सारथी

यरुशलेमेहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी घायाळ करून टाकलेल्या वाटसरूची गोष्ट ठाऊक नाही, असा विद्यार्थी आपल्या शाळेत क्वचितच सापडेल. त्या गोष्टीतील शोमरोनी मनुष्याची दया आपण नेहमी वाखाणतो. परंतु तिच्यातील एका लहानशा बाबीकडे आपले लक्ष सहसा जात नाही. जखमांवर पट्ट्या बांधून तो थांबला नाही. त्याने त्या मनुष्यास आपल्या स्वतःच्या जनावरावर बसविले व उतारशाळेपर्यंत नेले. अर्थात, तेथवर तो स्वतः पायीच चालला असला पाहिजे. दया वाटणे निराळे आणि आपले वाहन दुसऱ्यास देऊन त्याची वाट आपण चालणे निराळे. औषध कितीही गुणकारी असो, रुग्ण आणि औषध ह्यांच्यामधील अंतर कोणीतरी तोडावेच लागते. ह्या अंतराचाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आपल्या वर्धा जिल्ह्यात इस्पितळांची वाण आहे, असे कोणास म्हणता येणार नाही. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय डॉ. सुशीला नायर ह्यांच्या पुढाकाराने १९४५ साली उभे राहिले व १९६९ साली त्यास वैद्यकीय महाविद्यालयाची जोड मिळाली. सावंगी (मेघे) येथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. खुद्द वर्धा शहरात जिल्हा सामान्य रुग्णालय आहे. परंतु ही तिन्ही ठिकाणे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर म्हणावी अशी आहेत. आर्वीहून वर्धा ५० किलोमीटरांहून अधिक दूर आहे. आष्टी व कारंजा तालुक्यांतील गावे तर त्याहूनही लांब. शिवाय आपली भूमी काळ्या मातीची. पावसाळ्यात पांदणीत बंडीचे चाक रुतले की बैलही हतबल होतात. अशा वेळी शेतात कोणास सर्पदंश झाला, किंवा रात्री एखाद्या सुनेस कळा सुरू झाल्या, म्हणजे इस्पितळ जिल्ह्यात असूनही नसल्यासारखेच होते.

बाळंतपणातील मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांनी १९९४ साली विलंबाचे तीन प्रकार सांगितले. इस्पितळात जाण्याचा निश्चय करण्यास लागणारा विलंब हा पहिला, तेथवर पोहोचण्याचा दुसरा, आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्याचा तिसरा. पहिल्यावर उपाय शिक्षण, तिसऱ्यावर उपाय वैद्य. दुसऱ्यावर मात्र उपाय सारथी.

रुग्ण वाहून नेण्याच्या सेवेस आपल्या लोकांत मोठी परंपरा आहे. १८९९ साली दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झाले, तेव्हा गांधीजींनी सुमारे १,१०० हिंदी लोकांचे एक शुश्रूषा-पथक उभारले. त्यांत व्यापारी व वकील होते, तसेच करारबद्ध मजूरही होते. स्पिऑन कॉपच्या लढाईच्या वेळी ह्या लोकांनी जखमी शिपायांस डोलीत घालून मैलोगणती खांद्यावरून वाहिले. हेच गांधीजी १९३६ साली आपल्या जिल्ह्यातील सेगाव येथे येऊन राहिले व त्या गावाचे पुढे सेवाग्राम झाले, हे ध्यानात घेतले म्हणजे ही परंपरा आपल्या दाराशीच आहे असे दिसून येते.

आता कोणी विचारील, सरकारी रुग्णवाहिका असता स्वयंसेवकांचे प्रयोजन काय? प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्रात २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांसह १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली. गर्भवती स्त्रिया व अर्भके ह्यांच्याकरिता १०२ क्रमांकाची सोय आहे. ज्याचा श्वास कोंडला आहे, ज्याच्या कण्यास इजा झाली आहे, ज्याचा रक्तस्राव थांबत नाही, त्यास प्राणवायू व जाणकार माणूस असलेली रुग्णवाहिकाच हवी. तेथे हौशी सारथ्याने धाडस करू नये.

परंतु प्रत्येक रुग्ण काही आणीबाणीत नसतो. ज्याचे मूत्रपिंड निकामी झाले आहे, त्यास आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा रक्तशुद्धीकरिता जावे लागते व दर वेळी सुमारे चार तास यंत्राशी बसावे लागते. दोनच वेळा धरले तरी वर्षाकाठी १०४ फेऱ्या होतात. सोबतीस घरचे एक माणूस गेले म्हणजे तितक्याच दिवसांची मजुरी बुडाली. कर्करोगाच्या किरणोपचारास आठवडेच्या आठवडे जवळजवळ रोज जावे लागते. अशा रुग्णास उपचार फुकट मिळाला तरी वाट फुकट मिळत नाही. मग एक खेप चुकते, दुसरी चुकते आणि शेवटी रुग्ण म्हणतो, 'आता बरे वाटते, जात नाही.' त्याला बरे वाटत नसते. त्याच्यापाशी भाडे नसते. हे वाक्य ज्याने ऐकले व ओळखले, त्यास स्वयंसेवक सारथ्याची आवश्यकता निराळी पटवून द्यावी लागत नाही.

इंग्लंडात ही पद्धत चांगली रुळली आहे. तेथे सामान्य नागरिक आपल्या मोटारीतून वृद्ध व अशक्त रुग्णांस इस्पितळात नेतात व परत आणतात. त्यांस वेतन नसते, फक्त मैलांच्या हिशेबाने खर्च मिळतो. आपल्या देशात जलपायगुडीच्या चहामळ्यातील मजूर करीमुल हक ह्यांचे उदाहरण तर डोळ्यांत पाणी आणणारे आहे. १९९५ साली वाहनाअभावी त्यांची आई दगावली. पुढे त्यांनी आपल्या मोटारसायकलीवरून गोरगरीब रुग्णांस इस्पितळात पोहोचविण्याचे व्रत घेतले. २०१७ साली त्यांस पद्मश्री मिळाली.

असे कार्य आपल्या गावी करावयाचे तर काही नियम पाळणे अवश्य आहे. एका विश्वासू व्यक्तीने फेऱ्यांची वही ठेवावी, आणि कोणत्या वारी कोणी जावयाचे हे आधी ठरवावे, म्हणजे सारा भार एकाच उदार माणसावर पडणार नाही. सारथ्याचा परवाना व गाडीचा विमा चालू असावा. खाजगी गाडीतून रुग्ण नेताना भाडे मुळीच घेऊ नये. भाडे घेतले की ती विनापरवाना वाहतूक ठरते व अपघात झाल्यास विमाही पाठीशी उभा राहत नाही. तेलाचा खर्च गावाने वर्गणीतून उचलावा. स्त्री-रुग्णासोबत घरची एक स्त्री असावी. परत आणण्याची सोय नेण्याइतकीच पक्की असावी. आणि गाडीत ऐकलेले दुखणे गाडीतच राहावे. सारथ्याने ना औषध सांगावे, ना चावडीवर चर्चा करावी.

अपघातात सापडलेल्यास नेले तर पोलिसांचा ससेमिरा लागेल, ही भीती आता बाळगण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अशा परोपकारी माणसास अभय दिले व २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यात त्यास कलम १३४-अ अन्वये संरक्षण लाभले.

ह्या कार्यावर एक आक्षेप असा की, लोक फुकट राबू लागले म्हणजे सरकार आपले कर्तव्य विसरेल. आक्षेप पोकळ नाही. त्यावर उत्तर वर सांगितलेली वहीच होय. कोणत्या गावाहून किती रुग्णांस, कोणत्या वेळी वाहन मिळाले नाही, हे वर्षभर टिपून ठेवले तर एस.टी.ची फेरी किंवा पांदणीचे खडीकरण मागताना ग्रामपंचायतीच्या हाती भक्कम पुरावा येतो. सेवेने हक्क बुडू नये. सेवेने तो सिद्ध व्हावा.

अखेर एक गोष्ट सर्वांत कठीण. आपल्या गाडीत, आपल्या शेजारी, कोणास बसू द्यावयाचे? परचुरे शास्त्री हे कुष्ठरोगाने पीडित विद्वान सेवाग्रामास आले, तेव्हा गांधीजींनी त्यांस जवळच झोपडी दिली व स्वहस्ते त्यांच्या अंगास मालीश केले. जात आणि रोग पाहून दार उघडणारा सारथी खरा सारथी नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, अठरा वर्षे पुरी होईपर्यंत तुम्हांस मोटार हाकता येणार नाही. परंतु फेऱ्यांची वही तुम्हांस ठेवता येईल. १०८ क्रमांक लावून गावाचा पत्ता नीट सांगता येईल. निरक्षर आजीसोबत इस्पितळात जाऊन केस पेपर काढता येईल व खिडकीपुढे तिच्याऐवजी उभे राहता येईल. त्या शोमरोनी मनुष्याजवळ एक जनावर होते. आपल्याजवळ जे असेल, त्यावर रुग्णास बसवावे आणि त्याची वाट आपण चालावी.